जुने दहा

ताई, काल सकाळी नऊ वाजता मी तुझ्या दारात उभा होतो. आपल्या भाषेत जुने दहा. बेल वाजवायला हात वर केला आणि तसाच थांबलो, कारण या दिवशी तुझी बेल मी कधी वाजवलेलीच नाही. तू बाहेरच असायचीस, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगात मोहनदादांचा जुना स्वेटर आणि हातात खराटा. ड्राइव्हवेवरची पानं झाडता झाडता म्हणायचीस, "आलास? धर हा." काल पानं तशीच पडून होती.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. आज सोमवार. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या सेमीफायनल काल झाल्या, फायनल उद्या दुपारी आहे, आणि मधला हा रिकामा दिवस काढायचा कसा हा तुझा दरवर्षीचा प्रश्न या वेळी माझ्या गळ्यात पडला आहे. तू असतीस तर एव्हाना चार मेसेज आले असते, प्रत्येकात काल कुणाचं काय चुकलं यावर प्रवचन. उद्याची रजा तू महिनाभर आधी टाकलेली असायचीस आणि अर्जात कारण म्हणून 'बास्केटबॉल' असं उघड लिहायचीस. मी मात्र फायनलच्या दुपारी दरवर्षी डेंटिस्टकडे जायचो.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्म कुठला, शिक्षण काय, वेलिंग्टनमधल्या किती इमारती तू भूकंपात उभ्या राहतील अशा करून ठेवल्यास, ते सगळं मोहनदादा देतील. तुझे यजमान आहेत, त्यांच्याकडे कागद आहेत. मला तुझ्याशी बोलायचं आहे. आपलं एक भांडण मिटवायचं राहिलं. ते भांडण माझ्या सईवरून झालं होतं, आणि त्याच सईची एक बातमी तुला कळायच्या आत तू निघून गेलीस. क्रमाने सांगतो. दोन पानांत मावलं नाही तर संपादकांनी बघून घ्यावं.

वाचणाऱ्यांसाठी आधी 'जुने दहा' म्हणजे काय ते सांगायला हवं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे उन्हाळी वेळ संपते आणि न्यूझीलंडमधली घड्याळं एक तास मागे जातात. नेमक्या त्याच रविवारी सकाळी दहाला, म्हणजे तिकडच्या शनिवारी संध्याकाळी, पहिली सेमीफायनल सुरू होते. ज्याचं घड्याळ मागे करायचं राहिलं तो तासभर आधी उगवतो. तेरा वर्षांपूर्वी असा उगवलेला पहिला शहाणा मी.

वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला येऊन आम्हाला दोनच महिने झाले होते. मंडळाच्या ग्रुपवर तुझा मेसेज आला: 'रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे कॉलेज बास्केटबॉल. पोहे मिळतील. ज्यांना क्रिकेटपलीकडे काही दिसत नाही त्यांनी जरूर यावं, डोळे तपासून मिळतील.' मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माझी बायको मुग्धा म्हणाली, "माणसं तरी भेटतील, जा. आणि सईला घेऊन जा, मला जरा पडू दे." मनगटावरच्या घड्याळात ठीक दहाला, चार वर्षांच्या सईला कडेवर घेऊन मी हजर. टेकड्या धुक्यात होत्या आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तू मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस. काय झालंय ते तुला कळलं होतं. माझ्या हातात खराटा दिलास आणि सईच्या हातात चेंडू.

मग आत नेलंस. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळातही दहा वाजले होते. तू खुर्चीवर चढलीस, घड्याळ उतरवलंस, त्याच्या पाठीतला सेल काढून माझ्या तळहातावर ठेवलास. "हा सांभाळ. तासाभराने परत लावायचाय." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चेहरा लपवण्यासाठी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "अहो ताई, मागे बटण असतं की. ते फिरवलं की काटे मागे जातात."

"माहितीये. इंजिनिअर आहे मी," तू म्हणालीस. मग सांगितलंस. पुण्याला तुमच्या घरी लंबकाचं घड्याळ होतं. ते पुढे गेलं तर वडील काटे मागे फिरवू द्यायचे नाहीत, ठोक्यांचं यंत्र बिघडतं म्हणून. लंबक धरायचा आणि घड्याळ जेवढं पुढे गेलं असेल तेवढा वेळ थांबून राहायचं. ते काम तुझ्याकडे होतं. स्टुलावर उभी राहून पाच-पाच मिनिटं लंबक धरून ठेवायचीस आणि त्या पाच मिनिटांत घरातलं कुणी तुला दुसरं काम सांगू शकायचं नाही. "इथे वर्षातून एकदा अख्खा तास धरायला मिळतो," तू म्हणालीस. "तो काय बटण फिरवून घालवू?"

मी परत जाऊन दहाला येतो म्हणालो, तर म्हणालीस, "बस. लवकर आलेल्या माणसाला मी परत पाठवत नाही. आणि ते अहो-जाहो बंद कर. कोर्टवर अहो म्हणेपर्यंत चेंडू निघून जातो." तेव्हापासून तू माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी असून मी तुला अरे-तुरे करतो आणि मुग्धाची आई फोनवर ते ऐकून आजही हळहळते.

पुढच्या वर्षी तूच फर्मान काढलंस: सगळ्यांनी जुन्या दहाला यावं, नव्या दहाला येणाऱ्याला पोहे गार मिळतील. आणि लोक येऊ लागले. शेजारचा टामा फीजोआच्या फळांची बादली घेऊन कुंपणावरूनच "किआ ओरा, कोच" असा माओरी नमस्कार करत यायचा. ओंकार टौरंगाला राहायला गेला तरी जुन्या दहाला व्हिडिओ कॉलवर यायचा आणि आम्ही फोन पोह्यांच्या पातेल्याला टेकवून ठेवायचो. प्रत्येकाने गॅरेजवरच्या रिंगमध्ये दहा फ्री थ्रो टाकायचे, म्हणजे रेषेवर उभं राहून, कुणी न अडवता; सर्वांत कमी ज्याचे त्याने भांडी घासायची. तीन वर्षं सलग मी भांडी घासल्यावर तू माझी बदली केलीस. "तू टाकू नकोस, तू आण." तेव्हापासून कुंपणाकडे गडगडत जाणारा चेंडू आणणं हे माझं पद, आणि घड्याळाचा सेल तासभर शर्टाच्या खिशात सांभाळणं हा माझा मान.

मोहनदादांना तेरा वर्षांत खेळ कळला नाही. दर वेळी पोह्यांवर कोथिंबीर घालता घालता विचारायचे, "यातले आपले कुठले?" आणि तू दर वेळी जो संघ हरत असेल त्याच्याकडे बोट दाखवायचीस.

माझं म्हणणं असायचं की बघायचं तर व्यावसायिक खेळाडूंचं बघावं, काय सफाई असते. "सफाई बघायची तर लॉन्ड्रीत जाईन," तू म्हणायचीस. "ती माणसं हरली की गाडीत बसून घरी जातात. ही पोरं हरली की टॉवेलात तोंड घालून रडतात आणि दोन दिवसांनी वर्गात जाऊन बसतात." कॅमेरा रडणाऱ्या पोराच्या तोंडाशी गेला की तू टीव्हीकडे पाठ करायचीस आणि आम्हालाही करायला लावायचीस. दहा-बारा मोठी माणसं हातात बशा घेऊन फ्रीजकडे बघत उभी. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर काय समजलं असतं कुणास ठाऊक.

आणि अमेरिकेतलं तुझं ते कॉलेज. तिथे तू जेमतेम दीड वर्ष होतीस. पुण्याची वेणीवाली मुलगी गालावर रंग फासून विद्यार्थ्यांच्या गर्दीत ओरडतेय, ते फोटो मोहनदादांनी परवा दाखवले. त्या कॉलेजचा संघ सेमीफायनलच्या आसपास कधी फिरकला नाही. तरी कोण कुठवर जिंकत जाईल याचा चौसष्ट संघांचा तक्ता भरताना शेवटच्या चौकटीत दरवर्षी तू त्याचंच नाव लिहायचीस. ज्या वर्षी तो संघ स्पर्धेतच नसायचा त्या वर्षी दुसऱ्या कुणाचं तरी नाव खोडून त्याला आत घ्यायचीस. मी हसलो की म्हणायचीस, "माझा विजेता ठरलेला आहे. बाकीच्यांनी आपसात बघावं." इतक्या उघडपणे हरणाऱ्याच्या बाजूने उभं राहिलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तेरा वर्षांत निकाल न लागलेला आपला एक वाद होता. आपला संघ तीन गुणांनी पुढे, सामना संपायला पाच सेकंद, चेंडू समोरच्यांकडे. काय करायचं? मी म्हणायचो, मुद्दाम फाऊल करायचा. त्यांना दोन फ्री थ्रो मिळतील, दोन्ही बसले तरी आपण एकाने पुढे. फाऊल नाही केला आणि त्यांनी लांबून तीनचा घातला तर बरोबरी. मी कागदावर मांडून दाखवायचो. तू कागदाकडे बघायचीसही नाहीस. "पोराला टाकू दे की," म्हणायचीस. "हात वर करून समोर उभे राहा, जमेल तेवढं अडवा, पण टाकू दे."

"आणि हरलो तर?"

"तर हरलो. समोरच्याला टाकूच न देता जिंकायचं म्हणजे काय जिंकायचं?"

सईला तू घडवलंस हे मी इतके दिवस लोकांना सांगत आलो, तुला सांगितलं नाही. दर गुरुवारी वेलिंग्टनहून ट्रेन पकडून परत यायचीस आणि ऑफिसच्या कपड्यांतच तिला अर्धा तास खेळवायचीस. तू मराठीत बोलायचीस, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधी अडलं नाही. सात वर्षांची असताना ती कुरकुरली होती, "मावशी, द रिंग इज टू हाय." गॅरेजवरची रिंग तू स्वतः टेप लावून बरोबर दहा फुटांवर बसवली होतीस. "रिंग खाली येणार नाही," तू म्हणालीस. "तू वर जा." फ्री थ्रोच्या आधी तिला म्हणायचीस, "आधी श्वास सोड, मग चेंडू सोड." परीक्षेचा पेपर हातात आला की सई अजून तसाच श्वास सोडते, तिच्या मैत्रिणींनी सांगितलं.

तू तिला कधी 'छान' म्हणत नसायचीस. 'परत' म्हणायचीस. बास्केट पडली तरी परत, हुकली तरी परत. 'छान' तू एकदाच म्हणालीस, ती तेरा वर्षांची असताना, शाळेच्या सामन्यात. तिने काही गुण केले नव्हते. पडलेल्या विरुद्ध बाजूच्या मुलीला हात देऊन उठवलं होतं. सईने तो दिवस तिच्या खोलीतल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता, आणि ते कॅलेंडर आम्हाला अजून टाकू देत नाही.

आता भांडणाकडे येतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये जेवताना सई सहज म्हणाली की अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या कोचने तिचे व्हिडिओ बघितलेत. कुठले व्हिडिओ? तर शाळेच्या हॉलमध्ये कोपऱ्यात बसून तू मोबाइलवर घेतलेले, घरी जोडलेले आणि वीसेक कॉलेजांना पाठवलेले. आम्हाला न विचारता. मी ताटावरून उठून तसाच तुझ्याकडे आलो. तू गॅरेजच्या दारात होतीस.

"आमच्या मुलीचं आम्ही ठरवू ना. तू कोण परस्पर ठरवणारी?"

"मी काही ठरवलं नाही, नितीन. दार वाजवलंय फक्त. उघडायचं की नाही ते तुम्ही बघा."

"निदान विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. आणि मी म्हणालो, "तुझं अमेरिकेत जे राहून गेलं ना, ते तू माझ्या मुलीकडून करून घेतेयस."

काय बोलतोय ते मला माहीत होतं. वडील आजारी पडले म्हणून तू तिथलं शिक्षण अर्धवट टाकून परत आलीस, मग जाणं झालंच नाही, हे तू मला एकदाच सांगितलं होतंस, ट्रेनमध्ये, खिडकीबाहेर बघत. विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी उचलून तुझ्याच अंगावर फेकली. हवा भरायचा पंप काढलास आणि चेंडूत हवा भरत बसलीस. चेंडूत हवा व्यवस्थित होती.

ताई, मी का नाही म्हणत होतो ते तेव्हा मला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. आज सांगतो. आम्ही दोघं सगळं सोडून एवढ्या लांब आलो ते या एका पोरीला घेऊन. तीच पुढे निघाली तर आम्ही इथे कशासाठी बसलोय, हा माझा प्रश्न होता. तो कुणाला विचारायची लाज वाटली म्हणून तुझ्यावर ओरडलो. मला फाऊल करायचा होता, ताई. तिने टाकूच नये असं वाटत होतं.

दोन आठवड्यांनी जुने दहा आले. सई सायकलवरून आधीच गेली होती. मी घरी सोफ्यावर बसलो, फोनमधल्या घड्याळाकडे बघत, आणि तो तास तसाच जाऊ दिला. मग ठीक दहाला, नव्या दहाला, तुझ्या दारात आलो. मुद्दाम. तू मनगटावर नजर टाकलीस आणि म्हणालीस, "बरोबर वेळेवर आलास." एवढंच. उशिरा येणाऱ्याला पोहे गार मिळतात हा तुझाच नियम, पण माझे तू झाकून ठेवले होतेस आणि गरम करून दिलेस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

नंतर वर्षभर आपण बोलत होतो. ट्रेनमध्ये शेजारी बसत होतो, तू खिडकीतून इमारती दाखवून 'ही उभी राहील, ही बसेल' करत होतीस, गुरुवारचा सरावही चालू होता. फक्त तो विषय कुणी काढला नाही. मी मनाशी म्हणत होतो की पुढच्या जुन्या दहाला बोलू, अख्खा तास असतो. आणि तू तीन आठवडे आधी, एका साध्या शनिवारी, सिल्व्हरबीटच्या भाजीच्या वाफ्यात बसलीस ती उठलीच नाहीस.

तू गेलीस त्यानंतर आठव्या दिवशी सईला ऑफर आली. ही ती बातमी. छोटं कॉलेज आहे, टीव्हीवर कधी दिसणार नाही, गाव नकाशावर बोट ठेवून शोधावं लागलं. पण त्यांना ती हवी आहे, शिकायलाही आणि खेळायलाही. मला वाटलं तुझ्याच व्हिडिओंमुळे आली असेल. सई म्हणाली, "नो, बाबा. मावशीने नंतर एकही पाठवला नाही. मी हीप्स ऑफ टाइम्स विचारलं. शी सेड, 'बाबाला विचार, मी आता दार वाजवणार नाही.' सो मी मैत्रिणीला सांगून काढले." उत्तर उद्यापर्यंत द्यायचं होतं. मुग्धा पहिल्याच दिवशी हो म्हणाली. सध्या सई वेलिंग्टनच्या युनिव्हर्सिटीत घरून जाऊन-येऊन शिकते, जसं मला हवं होतं तसं. ती एकदाही माझ्या मागे लागली नाही. रोज जेवायला बसली की माझ्याकडे बघायची, आणि मी 'बघू' म्हणून आमटी वाढून घ्यायचो.

काल सकाळी मी तिला उठवलं. "चल, जुने दहा होत आलेत."

"बाबा, नोबडीज गोइंग टु बी देअर."

"आपण असू ना."

बेल शेवटी सईने वाजवली. मोहनदादांनी दार उघडलं. स्वेटर त्यांनी घातला होता, तू ताणून ठेवलेल्या कोपरांचा. "किती जण येतील कळेना," ते म्हणाले, "म्हणून पोहे नेहमीएवढेच भिजवले." फ्रीजवर या वर्षीचा तक्ता लावला होता. तुझं कॉलेज यंदा स्पर्धेत नाही. मोहनदादांनी एका संघाचं नाव खोडून त्याला आत घेतलंय आणि शेवटच्या चौकटीपर्यंत नेऊन बसवलंय. खेळ त्यांना अजूनही कळत नाही, पण तो नियम कळला होता.

घड्याळात दहा वाजत होते. आम्ही तिघं बघत उभे राहिलो, कुणाचा हात पुढे होईना. शेवटी सई खुर्चीवर चढली, सेल काढला आणि सवयीने माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "या वेळी तू ठेव." तिने तो ट्रॅकपँटच्या खिशात टाकला आणि चेंडू घेऊन बाहेर गेली.

मी मिरच्या चिरायला लागलो. मोहनदादा म्हणाले, "गेल्या वर्षी हा सेल तिने कुणाला दिला नाही. तासभर मुठीत धरून बसली होती. टामाने मागितला तर म्हणाली, 'नितीनचा आहे.'"

मी विचारलं, "माझ्यावर रागावली होती?"

"छे. मी रागावलो होतो तुझ्यावर. ती म्हणाली, 'तो बोलला त्यात खोटं काय आहे? माझं राहिलंयच. पोरीचं राहू नये, एवढंच.'" मग फोडणीत पोहे टाकत म्हणाले, "आणि म्हणाली, 'येईल तो. लवकर यायची खोड आहे त्याला, एखाद वेळी उशीर झाला म्हणून काय.'"

मिरचीचा हात डोळ्याला लागला असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

बाहेर आलो. खराटा गॅरेजच्या दाराशी तुझ्या जागेवर होता. मी पानं झाडली. सई फ्री थ्रो टाकत होती आणि मी चेंडू आणून देत होतो. टाकायच्या आधी तिचा श्वास ऐकू येत होता. सहावा की सातवा चेंडू आणून दिला तेव्हा मी तो सोडला नाही, आम्ही दोघांनी तो धरून ठेवला होता. मी म्हणालो, "सई, उत्तर पाठवून टाक. हो म्हणून."

"आर यू शुअर?"

"नाही. पण मी फाऊल करत नाहीये. तू टाक."

ती हसली आणि मग रडली. मी लगेच पाठ केली, तुझ्या शिकवणीप्रमाणे, आणि कुंपणाकडे बघत उभा राहिलो. कुंपणापलीकडे नेमका टामा बादली घेऊन येत होता. त्याने एकदा आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता तोही पाठ करून आपल्या घराकडे बघत उभा राहिला.

मग सगळे आले, ताई. मुग्धा शिरा घेऊन आली, ओंकार पातेल्याला टेकून बसला, जुन्या दहापासून अर्ध्या तासात घर भरलं. कुणी कुणाला मेसेज केला नव्हता. दहा-दहा फ्री थ्रो झाले. मोहनदादांनी आयुष्यात पहिल्यांदा टाकले, एकही बसला नाही, आणि त्यांनी भांडी घासायचा हट्ट धरला.

दुसऱ्या सेमीफायनलचा शेवट तुला सांगायलाच हवा. एक संघ तीनने पुढे, सहा सेकंद, चेंडू समोरच्यांकडे. आणि त्यांनी मुद्दाम फाऊल केला. समोरच्यांचे दोन्ही बसले, तरी हे एकाने जिंकले, अगदी मी कागदावर मांडायचो तसं. मी उठून तुझ्या खुर्चीकडे वळलो आणि म्हणालो, "बघितलंस?" खुर्चीत टामा बसला होता. "स्वीट अ‍ॅज, ब्रो," तो म्हणाला, म्हणजे 'झकास'. तू म्हणाली असतीस, जिंकले, पण खेळले कुठे? आणि आपण परत सुरू झालो असतो. तेरा वर्षांनी मी बरोबर ठरलो आणि मला नाही म्हणायला कुणी नव्हतं.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. नव्या दहाला पाच मिनिटं असताना सई स्वयंपाकघरात आली. थांबलेल्या घड्याळाखाली उभी राहून तिने फोनवर उत्तर लिहिलं, मला वाचून दाखवलं, श्वास सोडला आणि पाठवलं. मग खुर्चीवर चढून सेल बसवला. टीव्हीजवळच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं की सुरू झालं, आणि सगळे तिकडे पळाले.

मी जरा मागे राहिलो. गेल्या वर्षी तू म्हणालीस, बरोबर वेळेवर आलास. त्यावर मी काही बोललो नव्हतो. वेळ बरोबर होती, ताई. मी चुकलो होतो.